फ्लूचा हंगाम आपल्याकडे सुरू झाला हे हजेरीपटावरून कसं ओळखायचं, आणि त्या आठवड्यात काय करायचं?

नोंदवही

फ्लूवरचा धागा नेहमी अर्धा वर्ग अंथरुणाला खिळल्यावर निघतो. तोवर लाट शिखरावर असते आणि सांगण्यासारखं 'काळजी घ्या' एवढंच उरतं. म्हणून यंदा आधीच काढतोय.

शाळा, वसतिगृह, कार्यालय, वृद्धाश्रम, थोडक्यात जिथे रोज तीच माणसं असतात आणि हजेरी मांडली जाते, तिथे फ्लूची चाहूल प्रयोगशाळेच्या आधी वहीत लागते. फक्त वही नीट हवी.

कोणाला मोजायचं? जागतिक आरोग्य संघटनेची 'फ्लूसदृश आजारा'ची व्याख्या छोटी आहे: मोजलेला ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त, सोबत खोकला, आणि आजार गेल्या १० दिवसांत सुरू झालेला. नुसतं नाक गळतंय, नुसता घसा धरलाय, तर मोजायचं नाही. ही व्याख्या मोजणीपुरती आहे, उपचारासाठी नव्हे. वयस्कर माणसाला फ्लू होऊनही ताप येत नाही असं होतं, त्याला 'व्याख्येत बसत नाही' म्हणून परत पाठवू नका.

व्याख्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि हंगामभर तिला हात लावू नका. होतं काय, पहिले दोन आठवडे काटेकोर मोजणी होते. मग बातम्या येतात, पालक नाक गळणाऱ्या मुलालाही घरी ठेवतात, आणि वहीत तीही मुलं चढतात. आलेख उभा होतो, पण वाढलेली असते ती भीती.

कशाने भागायचं? नुसता आकडा फसवतो. समजा पट ४००, शाळा ५ दिवस, म्हणजे २००० विद्यार्थी-दिवस. नवे रुग्ण १२, तर प्रमाण हजारी ६. पुढच्या आठवड्यात सुट्ट्यांमुळे शाळा ३ दिवस भरली, म्हणजे १२०० विद्यार्थी-दिवस. नवे रुग्ण पुन्हा १२. वही वरवर चाळणारा म्हणेल 'जैसे थे'. प्रत्यक्षात प्रमाण हजारी १० झालं. 'नवे' हा शब्दही महत्त्वाचा: पाच दिवस गैरहजर राहिलेलं मूल एकदाच धरायचं, आजार सुरू झाला त्या दिवशी.

पायरेषा म्हणजे शांत काळातल्या निदान ६ आठवड्यांची सरासरी. तिच्या दुप्पट प्रमाण सलग दोन आठवडे राहिलं की हंगाम सुरू झाला असं मी धरतो.

शंकासुर

मोजणी पटली, सलग दोन आठवडे थांबणं नाही पटलं. हंगामी फ्लूत एक रुग्ण सरासरी १.३ जणांना आजार देतो, आणि एका रुग्णापासून पुढच्यापर्यंत साधारण ३ दिवस लागतात. म्हणजे आठवड्यात सव्वादोन पिढ्या. गुणाकार केला तर आठवड्याला १.८ पट. दोन आठवडे वहीकडे बघत बसलात तर रुग्ण सव्वातीन पट. मग चाहूल लागून उपयोग काय?

नोंदवही

आक्षेप रास्त आहे, शंकासुर. उलट बाजूही बघा: ३० जणांच्या वर्गात २ चे ४ झाले तर ती दुप्पट निव्वळ योगायोगाने होते. प्रत्येक योगायोगाला कार्यक्रम रद्द करत बसलात तर तिसऱ्या वेळी तुमचं कोणी ऐकणार नाही.

तेव्हा दोन पायऱ्या करू. पहिल्याच आठवड्यात प्रमाण दुप्पट दिसलं की ज्याला खर्च नाही आणि चुकलं तरी नुकसान नाही ते सगळं सुरू: खिडक्या, आजाऱ्याने घरी थांबणं, लस राहिलेल्यांची यादी. दुसऱ्या आठवड्यातही वाढ टिकली की त्रासाचे निर्णय: नमुने पाठवणं, सगळ्या वर्गांचे एकत्र कार्यक्रम पुढे ढकलणं, वृद्धाश्रमात भेटींवर मर्यादा. वृद्धाश्रमासाठी मात्र हा नियम विसरा. तिथे ७२ तासांत दोन जणांना ताप-खोकला दिसला आणि त्यातला एक फ्लू ठरला, की साथ आहे असंच धरायचं.

काचपट्टी

'फ्लू ठरला' हे कशावरून? यावर जरा सविस्तर, कारण झटपट चाचणीच्या पट्टीवर लोकांचा नको तितका विश्वास असतो.

झटपट अँटिजेन चाचणी खऱ्या फ्लूपैकी साधारण ५० ते ७० टक्केच पकडते. फ्लू नसलेल्याला बहुतेक वेळा बरोबर 'नाही' म्हणते. आता ऐन लाटेत १०० जण तपासले, त्यातल्या ४० जणांना खरोखर फ्लू आहे असं समजा. चाचणी ६० टक्के पकडते, म्हणजे २४ सापडले, १६ सुटले. उरलेल्या ६० पैकी ५ टक्के, म्हणजे तिघे उगाच पॉझिटिव्ह. एकूण निगेटिव्ह ७३, आणि त्यातले १६ फ्लूचेच. जवळजवळ पाचातला एक. ऐन हंगामात 'निगेटिव्ह आहे, जा शाळेत' म्हणणं म्हणूनच चूक.

आता तीच पट्टी शांत काळात वापरा. १०० पैकी २ जणांनाच फ्लू. खरा सापडेल एखादा, खोटे पॉझिटिव्ह पाच. पट्टीवर दुसरी रेघ उमटलेल्या सहा जणांपैकी पाच निर्दोष! चाचणी तीच, डबा तोच, हंगाम बदलला की उत्तराचा अर्थ बदलतो.

खात्री हवी तर आरटी-पीसीआर. तिथे गोंधळ होतो तो नमुना घेतानाच. काडी कृत्रिम धाग्याच्या टोकाची आणि प्लॅस्टिक दांड्याची हवी. कापूस आणि लाकडी दांडा चाचणीत अडथळा आणतात. काडी नाकात वर, कपाळाच्या दिशेने घालायची नाही. टाळूला समांतर, सरळ मागे, कानाच्या दिशेने घालायची. नाकपुडीपासून कानापर्यंतच्या अंतराच्या साधारण निम्मी आत गेली आणि अडल्यासारखं वाटलं की काही सेकंद थांबून हलकेच फिरवायची. रुग्णाच्या डोळ्यात पाणी आलं नाही तर बहुधा काडी पुरेशी आत गेलेली नाही. मग वाहतूक द्रवाच्या नळीत टाकून २ ते ८ अंशांत ठेवायची आणि ७२ तासांत पोहोचवायची. उशीर होणार असेल तर उणे ७० अंश. घरच्या फ्रीजरमध्ये गोठवणं सगळ्यात वाईट.

लक्षणं सुरू होऊन ३-४ दिवसांच्या आतला नमुना घ्या. सगळ्यांचे पाठवायची गरज नाही. एका उद्रेकात पाच-सहा ताजे रुग्ण पुरतात.

एक भर: प्रयोगशाळेचे आकडे वाचताना किती पॉझिटिव्ह यापेक्षा तपासलेल्यांपैकी किती टक्के पॉझिटिव्ह ते बघा. युरोपातल्या देखरेख जाळ्यात ठरावीक दवाखान्यांतल्या नमुन्यांपैकी १० टक्के पॉझिटिव्ह आले की हंगाम सुरू झाला असं धरतात.

शीतपेटी

लाट वहीत दिसल्यावर लस घ्यायला धावणाऱ्यांसाठी: लस टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. शंकासुरांच्या गणिताने तेवढ्यात रुग्ण सव्वातीन पट झालेले असतात. तरीही घ्या, हंगाम दोन आठवड्यांत संपत नाही. पण शिबिर घ्यायचं ते नेहमीच्या शिखराच्या महिना-दीड महिना आधी. फार आधीही नको, संरक्षण काही महिन्यांत ओसरू लागतं.

लशीचा मसाला वर्षातून दोनदा ठरतो: उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत, दक्षिणेसाठी सप्टेंबरमध्ये. त्यामागे १९५२ पासून चाललेलं प्रयोगशाळांचं जागतिक जाळं आहे. उष्ण कटिबंधात शिखर अनेक ठिकाणी पावसाळ्यात येतं, काही ठिकाणी वर्षात दोनदा. म्हणून तिथे खोक्यावरचा गोलार्ध आणि मुदतीची तारीख दोन्ही वाचायची. मागच्या हंगामाची लस 'अजून मुदतीत आहे' म्हणून वापरण्यात अर्थ नाही. आता लस पुन्हा तीन घटकांची झाली आहे: एच१एन१, एच३एन२ आणि बी-व्हिक्टोरिया. चौथा घटक बी-यामागाता मार्च २०२० नंतर खात्रीने कुठेही सापडलेला नाही. त्यामुळे तीन घटकांची कुपी दिसली तर 'जुनी खपवताहेत' असा संशय नको.

६ महिने ते ८ वर्षांच्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदाच फ्लूची लस देत असाल तर दोन डोस, मध्ये निदान ४ आठवडे. हे शिबिरात हमखास विसरतं, कारण दुसरी तारीखच ठरवलेली नसते. ६ महिन्यांखालच्या बाळाला लस देता येत नाही. त्याचं संरक्षण आईला गरोदरपणात दिलेल्या लशीतून आणि घरातल्यांच्या लशीतून.

आता साठवण. २ ते ८ अंश, लक्ष्य ५. मधला कप्पा. दारात नाही, मागच्या थंड पत्र्याला चिकटून नाही. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा, वीज गेली तर तापमान सावकाश चढतं. किमान-कमाल दाखवणारा थर्मामीटर, दिवसातून दोनदा नोंद. उष्णतेपेक्षा गोठण्याने जास्त लस वाया जाते आणि ते दिसत नाही.

शिबिराच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या फ्रीजरमधून काढून थेट लावू नका. बाहेर ठेवा, कानाशी धरून हलवा. आत पाणी खळखळून बर्फ सैल झाल्याचा आवाज आला की मगच डब्यात. ही वाट बघायला कंटाळा येतो आणि तिथेच लस गोठते.

शंकासुर

गोठलेली लस ओळखायला कुपी हलवून बघतात ना? तळाशी कण बसले की बाद?

शीतपेटी

ती हलवून बघायची चाचणी ॲल्युमिनियमचं क्षार असलेल्या लशींसाठी आहे. हंगामी फ्लूच्या नेहमीच्या लशीत ते नसतं. गोठून वितळलेली कुपी चांगल्या कुपीसारखीच दिसेल. म्हणून गोठणसूचक डब्यातच ठेवा. त्यावर धोक्याची खूण उमटली तर कुपी कितीही स्वच्छ दिसो, बाजूला.

चकाचक

लशीचं ठीक. पण आठवड्याला सगळ्या खोल्यांत जंतुनाशकाची फवारणी केली तर निम्मी लढाई जिंकली असं माझं मत.

झरोका

चकाचक, मतभेद आहे. कठीण पृष्ठभागावर फ्लूचा विषाणू २४ ते ४८ तास टिकू शकतो, कापडावर ८ ते १२ तास. पण सोमवारी फवारलेल्या दाराच्या मुठीला मंगळवारी सकाळी शिंकलेला हात लागतो. फवारणीचं श्रेय तेव्हाच संपलं. माणसांच्या अंगावर फवारणं तर सरळ घातक.

पुसायचंच असेल तर असं: ५ टक्क्यांचं ब्लीच २० मिली, त्यात ९८० मिली पाणी, झालं ०.१ टक्का. आधी साबणाने मळ काढा, कारण मळ ब्लीचची ताकद खातो. मग द्रावणाने पुसून पृष्ठभाग निदान १ मिनिट ओला राहू द्या. लगेच कोरडं पुसलं तर काम अर्धवट. द्रावण रोज ताजं. आम्लवाल्या स्वच्छतागृह-द्रवात किंवा अमोनियात कधीच मिसळू नका, विषारी वायू सुटतो. रोज पुसायच्या जागा मोजक्या: मुठी, नळ, कठडे, सामाईक टेबलं, लिफ्टची बटणं.

खरी कमाई हवेत आहे. ८ × ६ × ३ मीटरची खोली म्हणजे १४४ घनमीटर. तासाला ५ वेळा हवा बदलायची तर ७२० घनमीटर लागेल. समोरासमोरच्या खिडक्या १० सेंटिमीटर सतत उघड्या ठेवणं मधल्या सुट्टीत पूर्ण उघडण्यापेक्षा बरं. एकाच भिंतीला खिडक्या असतील तर वरचा झरोका आणि दार उघडा. पंखा हवा ढवळतो, बदलत नाही. भिंतीवरचा एसीही तीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही.

मोजायला कार्बन डायऑक्साइड मीटर. एनडीआयआर प्रकारचाच, म्हणजे अवरक्त प्रकाशाने वायू थेट मोजणारा, घ्या. स्वस्त मीटर वाफांवरून अंदाज बांधतात, शेजारी कोणी सॅनिटायझर चोळला की आकडा उडी मारतो. बाहेर नेल्यावर १० मिनिटांत ४२० ते ४५० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आसपास दाखवायला हवा. खोलीत तो बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, खिडकीपासून आणि कोणाच्याही श्वासापासून दीड मीटर दूर ठेवा. खोली भरून अर्धा-पाऊण तास झाल्यावरचा आकडा खरा. ८०० च्या खाली असेल तर उत्तम. १५०० दिसला तर आतली माणसं एकमेकांनी सोडलेला श्वास बऱ्यापैकी घेताहेत.

खिडक्या उघडता येत नसतील तर गाळण. चार मर्व्ह १३ (बारीक कण अडवणाऱ्या दर्जाच्या) गाळण्या उभ्या करून चौकोन, खाली पुठ्ठा, वर २० इंची चौकोनी पंखा, हवा वरच्या दिशेला. गाळणीवरचा बाण आतल्या बाजूला हवा. उलटी लावणारे खूप. पंख्याच्या कोपऱ्यांतून हवा परत आत ओढली जाते, म्हणून मधोमध गोल भोक पाडलेला पुठ्ठा वर चिकटवा. सांधे टेपने बंद. आणि हो, गाळणीने कार्बन डायऑक्साइड कमी होत नाही. 'पेटी लावली तरी मीटर हलत नाही' ही तक्रार दर वेळी येते. विषाणू कमी झालेले असतात, मीटरला ते कळत नाही.

चकाचक

टेपची आणि बाणाची सूचना घेतली. फवारणीचा हट्ट सोडला. हात धुण्याबद्दल तरी सहमत आहात ना?

झरोका

पूर्ण. साबण आणि २० सेकंद, अंगठा व नखांच्या कडा धरून. सॅनिटायझर ६० टक्क्यांहून जास्त अल्कोहोलचा, हात कोरडे होईपर्यंत चोळायचा. मळलेल्या हातावर तो फारसा चालत नाही.

मास्कचंही एक बघून ठेवा. नाकावरची पट्टी एका हाताच्या चिमटीत दाबली की मधोमध टोक येतं आणि दोन्ही बाजूंना फट पडते. दोन्ही हातांची बोटं मधून सुरू करून गालांकडे सरकवत दाबा. जोराने श्वास सोडल्यावर डोळ्यांना वारा लागला किंवा चष्म्यावर वाफ धरली तर पुन्हा बसवा. दाढीवर एन९५ कितीही महागाचा घ्या, कडेने गळतो.

औषधकपाट

घरातल्या आजाऱ्याचं राहिलं. संसर्ग झाल्यावर १ ते ४ दिवसांत लक्षणं येतात. लक्षणांच्या एक दिवस आधीपासून सुरुवातीचे ५ ते ७ दिवस माणूस आजार पसरवतो, पहिले तीन दिवस सर्वात जास्त. लहान मुलं आणखी लांबवतात. परत कधी जायचं? तापाचं औषध न घेता २४ तास ताप नाही आणि एकूण तब्येत सुधारतेय, तेव्हा. 'औषध न घेता' हे शब्द अधोरेखित. सकाळी गोळी, नऊला शाळा, दुपारी एकला पुन्हा फणफण, हा फ्लू पसरवायचा ठरलेला मार्ग आहे.

पॅरासिटामॉल मुलांना वजनाच्या प्रति किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत ४ ते ६ तासांचं अंतर, दिवसाला चारहून जास्त मात्रा नाहीत. १२ किलोच्या मुलाला म्हणजे १२० ते १८० मिलिग्रॅम. बाटलीवर ५ मिलीत किती ते वाचा, १२० आणि २५० अशा दोन्ही ताकदींची सिरपं मिळतात आणि चमचा तोच असतो. सर्दीच्या मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. ती गोळी अधिक तापाची गोळी, झाली दुप्पट मात्रा. यकृतावरचा भार इथूनच येतो. मुलांना आणि किशोरांना फ्लूत ॲस्पिरिन नको, राय सिंड्रोमचा, म्हणजे यकृत आणि मेंदूला इजा करणाऱ्या दुर्मिळ विकाराचा, धोका असतो. प्रतिजैविकं विषाणूवर चालत नाहीत.

ओसेल्टामिविर डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. मोठ्यांना ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ५ दिवस. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी. पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोग. म्हणून ६५ च्या वरचे, गरोदर स्त्रिया, दमा, मधुमेह, हृदयविकार असलेले आणि ५ वर्षांखालची, विशेषतः २ वर्षांखालची मुलं यांनी 'बघू दोन दिवस' करू नये. काचपट्टींनी सांगितलेली निगेटिव्ह पट्टी त्यांच्यासाठी थांबायचं कारण नाही. पोटात मळमळलं तर खाण्यासोबत घ्या. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी कोर्स सोडू नका.

ताबडतोब रुग्णालय: धाप, छातीत दुखणं, गोंधळलेपण, ओठ निळसर, मूल ८ तास लघवीला न जाणं किंवा श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाणं, ३ महिन्यांखालच्या बाळाला कोणताही ताप. आणखी एक, जे हमखास निसटतं: ताप उतरला, माणूस सावरला, आणि एक-दोन दिवसांनी ताप परत चढून खोकला वाढला. हा बहुधा फ्लूमागून आलेला जिवाणूंचा न्यूमोनिया, आणि इथे मात्र प्रतिजैविक लागतं.

ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली आकडा आला तर डॉक्टर. पण बोट गार असेल किंवा नखाला रंग असेल तर आकडा खोटा येतो. हात चोळून गरम करा आणि आकडा अर्धा मिनिट स्थिर राहू द्या. सावळ्या त्वचेवर यंत्र थोडा जास्त आकडा दाखवू शकतं. आकडा ९५ आणि माणूस धापतोय, तर माणसावर विश्वास ठेवा.

शंकासुर

नोंदवही, एक शेवटचं. पालक गैरहजेरीचं कारणच कळवत नसतील तर तुमच्या हजारी प्रमाणाचं काय?

नोंदवही

मग एकूण गैरहजेरी धरा, पायरेषाही एकूण गैरहजेरीचीच काढा. संकेत जरा बोथट होतो, परीक्षेआधीच्या आणि सणाआधीच्या आठवड्यांत खोटी वाढ दिसते. ते आठवडे वहीत वेगळ्या शाईने मांडा आणि पायरेषेत धरू नका. सोबत वर्गनिहाय बघा: सुट्टीमुळे घटलेली हजेरी सगळ्या वर्गांत सारखी घटते, फ्लू एका-दोन वर्गांतून सुरू होऊन भावंडांमार्फत बाकीच्यांत जातो. आणि लाट उतरली म्हणून वही बंद करू नका, पुढच्या वर्षीची पायरेषा त्या शांत आठवड्यांतूनच काढायची आहे.